दाढ भरली, पण टिकेल का?

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, शेताच्या बांधावर मोबाईलवर रेडिओ लावून बसलेल्या, आणि गटाच्या बैठकीत एकत्र ऐकणाऱ्या सगळ्याजणींना नमस्कार. मी बचत गटांची समन्वयक. एरवी या कार्यक्रमात मी वही, हप्ता, व्याज आणि बँकेचं कर्ज यांवर बोलते. आज दातावर बोलणार आहे. पण हाही विषय हिशोबाचाच आहे, हे पुढं तुमच्या लक्षात येईल.

गटात अंतर्गत कर्जाची मागणी येते, तेव्हा आपण कारण लिहून घेतो. बियाणं, शाळेची फी, नवऱ्याचं दुखणं, शेळी. बाईच्या स्वतःच्या दाताचं कारण वहीत क्वचित दिसतं. दिसलंच, तर दाढ काढण्यासाठी. भरण्यासाठी नाही. मी विचारते, "अगं, भरून का नाही घेत?" उत्तर ठरलेलं असतं. "ताई, भरलेलं टिकत नाही. जावेनं भरली होती, वर्षात पडली. पैसे वाया. काढली की कटकट गेली."

मला या वाक्यावरच बोलायचं आहे. भरलेलं पडतं, हे खरं आहे. पण ते का पडतं, हे कळलं तर आपल्या हातात बरंच काही आहे. आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीला आम्ही एका दंतवैद्य मॅडमना बोलावलं होतं. त्यांना आम्ही खोदून खोदून विचारलं. नंतर मी स्वतःही वाचलं. त्यातलं जे आपल्या उपयोगाचं, ते सांगते.

दाढेत नेमकं काय होतं

आपण म्हणतो दाताला कीड लागली. पण दातात अळी नसते. बाजारात किंवा जत्रेत धुरी देऊन कोणी दातातली अळी पडलेली दाखवली, तरी ती दातातली नाही. कीड म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतू. आपण साखर, गूळ, बिस्किटं, चहा घेतो, त्यातली साखर हे जंतू खातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दात झिजवतं. दिवसातून आठ वेळा गोड चहा, म्हणजे आठ वेळा दातावर आम्ल.

दाताला तीन थर असतात. वरचं पांढरं कवच म्हणजे एनॅमल. ते आपल्या शरीरातलं सगळ्यात कठीण. वजनाच्या हिशोबानं शंभरातले जवळजवळ ९६ भाग नुसते क्षार. त्याला जाणीव नाही, म्हणून कीड तिथवर असते तेव्हा दुखत नाही. त्याखाली डेंटिन. हे जरा मऊ, पिवळसर. त्यात बारीक बारीक नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो. त्या नळ्यांत ओल असते. थंड पाण्यानं कळ येते, ती कीड डेंटिनपर्यंत पोचल्यावर. आणि सगळ्यात आत नस. कीड नसेपर्यंत गेली की रात्री ठणका लागतो, झोप येत नाही.

म्हणजे दाढ दुखायला लागते तोवर अर्धी वाट संपलेली असते. खड्डा दिसतोय पण दुखत नाही, हीच भरायची खरी वेळ. आपण मात्र दुखेपर्यंत थांबतो, आणि दुखलं की काढतो.

आधी खड्डा साफ, मग भरणं

कल्हई आठवते का? कल्हईवाला पितळेचं भांडं नुसतं कथील लावून परत देतो का? नाही. आधी घासतो, मग तापवतो, नवसागर टाकतो, आणि मग कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवतो. घासणं आणि नवसागर चुकला, तर कल्हई चार दिवसांत उडते. दाढेचंही तसंच आहे. भरायचं सिमेंट कितीही भारी असू दे, खालची जागा तयार नसेल तर ते धरत नाही.

जागा तयार करण्याची पहिली पायरी म्हणजे कीड लागलेला कुजका भाग काढणं. दुसरी, खड्डा जंतूमुक्त करणं. कीड कोरून काढल्यावर खड्डा डोळ्यांना स्वच्छ दिसतो. पण डेंटिनच्या त्या बारीक नळ्यांत जंतू राहू शकतात. म्हणून कितीतरी दंतवैद्य खड्डा औषधानं पुसून घेतात. यासाठी बरंच वापरलं जाणारं औषध म्हणजे दोन टक्क्यांचं क्लोरहेक्सिडीन. हेच औषध अगदी सौम्य करून गुळण्यांसाठीही मिळतं.

आता यातली एक गंमत ऐका. जंतू मारायला जे जे चांगलं, ते ते चिकटण्यासाठी चांगलं असतंच असं नाही. सोडियम हायपोक्लोराईट, म्हणजे आपण कपड्यांना ब्लीच वापरतो त्या जातीचं औषध, आणि हायड्रोजन पेरॉक्साईड, हे दोन्ही जंतू मारण्यात पटाईत. पण ते मागं ऑक्सिजन सोडतात, आणि ऑक्सिजन असला की दातात भरायचं प्लॅस्टिकसारखं मिश्रण नीट घट्ट होत नाही. प्रयोगशाळेत असंही दिसलं आहे की अशा जागेवर क जीवनसत्त्वाचा क्षार लावला, तर गेलेली पकड परत येते. क्लोरहेक्सिडीनचं तसं नाही. ते पकड बिघडवत नाही. उलट आपल्या दातातच काही पाचकद्रव्यं असतात, ती चिकटलेला थर हळूहळू कुरतडतात. क्लोरहेक्सिडीन त्यांनाही आवर घालतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. काही दंतवैद्य वेगळं औषध न लावता नुसतं खड्ड्याचं तोंड पक्कं बंद करण्यावर भर देतात. त्यातही तथ्य आहे. तोंड पक्कं बंद झालं की आत राहिलेल्या जंतूंना साखर मिळत नाही आणि ते उपाशी पडतात.

कुठलं औषध लावायचं हे आपण ठरवायचं नाही, ते दंतवैद्याचं काम. पण ती दहा-पंधरा मिनिटं कशात जातात, हे आपल्याला माहीत असावं. "एवढा वेळ काय करताय, भरा ना पटकन" असं म्हणायचं नाही.

सिमेंट धरतं कसं

दातात भरायच्या वस्तू मुख्यतः तीन.

पहिली चांदी. जुन्या बायकांच्या दाढांत काळपट दिसते ती. नाव चांदी, पण त्यात वजनानं साधारण निम्मा पारा असतो. ही दाताला चिकटत नाही, अडकून बसते. म्हणून खड्डा मुद्दाम लोट्यासारखा करायचा, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद. त्यासाठी चांगला दातही थोडा कोरावा लागतो. चांदी टिकाऊ आहे, पण पाऱ्यामुळे तिचा वापर आता जगभर कमी होतोय. मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना ती शक्यतो भरू नये, असं आंतरराष्ट्रीय करारात ठरलं आहे. तुमच्या दाढेत जुनी चांदी नीट बसलेली असेल, तर घाबरून काढायला जाऊ नका.

दुसरी वस्तू म्हणजे ग्लास आयोनोमर सिमेंट. १९७०च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्सन आणि केंट या शास्त्रज्ञांनी ते तयार केलं. हे दातातल्या कॅल्शियमला स्वतःच धरतं आणि थोडं थोडं फ्लोराईडही सोडतं. जिथं वीज नाही, मशीन नाही, तिथंही हातातल्या अवजारांनी कीड काढून हे भरता येतं. १९८०च्या दशकात आफ्रिकेतल्या टांझानियात ही पद्धत सुरू झाली, आणि पुढं जागतिक आरोग्य संघटनेनंही ती उचलून धरली. खेड्यातल्या शिबिरांसाठी ती मोलाची आहे. पण चावण्याचा मोठा भार हे सिमेंट कमी सोसतं.

तिसरी वस्तू कॉम्पोझिट. दाताच्या रंगाचं, निळ्या उजेडानं घट्ट होणारं. हे आपण होऊन चिकटत नाही, त्याला चिकटवावं लागतं. ही युक्ती अमेरिकेतल्या मायकेल ब्युनोकोर या दंतवैद्यानं १९५५ साली मांडली. कारखान्यात रंग पक्का बसावा म्हणून पत्र्याला आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्याला माहीत होतं. त्यानं तेच दाताच्या एनॅमलवर अर्धा मिनिट लावून पाहिलं. पुन्हा आपली कल्हईच आली बघा. आम्लानं एनॅमलवर डोळ्यांना न दिसणारे खाचखळगे पडतात, पातळ द्रव त्यांत शिरतो, घट्ट होतो, आणि पकड बसते. आज हे आम्ल सौम्य, ३५ ते ३७ टक्क्यांचं असतं, आणि पंधरा ते तीस सेकंदच ठेवतात. मग पाण्यानं धुऊन टाकतात.

एनॅमल सोपं, डेंटिन अवघड. कारण डेंटिन ओलं असतं. आम्लानं क्षार धुऊन गेले की तिथं नुसती धाग्यांची जाळी उरते. तिच्यात द्रव मुरला तरच पकड. दात आणि सिमेंट यांचा हा मिसळलेला थर जपानच्या नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये दाखवून दिला. ही जाळी पार कोरडी झाली तर ओल्या कपड्यासारखी खाली बसते आणि द्रव आत शिरत नाही. फार ओली राहिली तरीही शिरत नाही. सारवताना आपण काय करतो? जमिनीवर आधी पाण्याचा हलका शिपका मारतो. अगदी सुक्या जमिनीवर सारवलं तर पोपडे येतात, आणि पाणी साचलं असेल तर सारवण वाहून जातं. डेंटिनलाही तेवढाच ओलावा हवा.

शिवाय कॉम्पोझिट घट्ट होताना किंचित आकसतं, शंभरात दोन-तीन भाग. एकदम गोळा भरला तर कडेनं फट पडते. म्हणून थोडं भरायचं, निळा उजेड धरायचा, पुन्हा थोडं भरायचं. दंतवैद्य तो दिवा चार-चार वेळा का लावतात, ते आता कळलं ना?

पकड सुटते ती आपल्यामुळेही

पहिली शत्रू लाळ. सायकलच्या ट्यूबला पंक्चर काढताना तो पोरगा ट्यूब घासतो, पुसतो, सोल्युशन लावून वाळवतो, मग ठिगळ बसवतो. त्यात पाण्याचा थेंब पडला की ठिगळ सुटलंच. दाढेवर आम्ल किंवा चिकटवायचा द्रव लावलेला असताना लाळ लागली की तसंच होतं. म्हणून डॉक्टर कापसाच्या गुंडाळ्या ठेवतात, नळीनं लाळ ओढतात, काही ठिकाणी दाताभोवती रबराचा पडदा लावतात. या वेळात उठून थुंकायचं नाही, जीभ लावून पाहायची नाही. काही त्रास झाला तर हात वर करायचा.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली, लवंगेचं तेल. दाढ दुखली की आपण कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात बुडवून खड्ड्यात ठेवतो. कळ थांबते, खरं आहे. पण त्यात युजेनॉल नावाचा जो अंश असतो, तो कॉम्पोझिट घट्ट होऊ देत नाही. महिनोन्‌महिने तेल मुरलेली दाढ असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. मग ते तो भाग जास्त साफ करतील, वेगळं सिमेंट निवडतील किंवा काही दिवस थांबतील. आमच्या एका गटातल्या मावशींनी हे सांगितलं नव्हतं, कारण त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. तीन आठवड्यांत सिमेंट निघालं, आणि त्यांनी दाताला बोल लावला. बाकी, नुसतं लवंगतेल हिरडीला भाजतं. दुखण्याची गोळी दाताशी दाबून ठेवल्यानंही हिरडी भाजते. गोळी गिळायची असते, तीही विचारून.

तिसरी गोष्ट मिश्री. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिनं दात साफ होत नाहीत, हिरड्या सुटतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हिरडी सुजून रक्त येत असेल, तर हिरडीलगतचा खड्डा कोरडा ठेवणंच अवघड. म्हणून दाढ भरायला जायच्या आधी मिश्री सोडायला सुरुवात करा. एकटीनं सुटत नसेल तर गटानं मिळून सोडा.

चौथी गोष्ट उशीर. खड्डा लहान असेल तर सभोवार धरायला चांगली भिंत असते. तीनही भिंती कोसळल्यावर सिमेंटनं धरायचं कशाला?

बैठकीत आलेले प्रश्न

"डॉक्टरांनी सगळी कीड काढली नाही, थोडी आत ठेवली. फसवलं का?" नाही. खोल खड्ड्यात नसेजवळचा थोडा मऊ भाग मुद्दाम ठेवतात, नाहीतर नस उघडी पडते. कडा मात्र स्वच्छ आणि टणक करतात, कारण पकड तिथंच बसते.

"भरल्यावर कळ येते." थंड लागून दोन-चार दिवस येऊ शकते. चावताना ती दाढ आधी लागत असेल, तर परत जाऊन घासून घ्या. रात्री आपोआप ठणकत असेल तर नस बिघडली आहे, लगेच जा. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

"वरची दाढ काढली की नजर जाते म्हणतात." जात नाही. दाढेचा आणि नजरेचा तसा संबंध नाही.

"गरोदरपणात भरता येते का?" येते. चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा. महिने मात्र डॉक्टरांना सांगा. एका बाळामागं एक दात जातोच, हा समज खोटा आहे.

"पोराची दाढ किडली, पण दुधाचीच आहे ना?" नीट बघा. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागं एक नवी दाढ येते. तिच्या आधी तिथला कुठलाच दात पडत नाही, म्हणून आपण तिला दुधाची समजतो. ती जन्मभराची असते. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा दातही दाखवा.

काढायची की भरायची

कधी कधी दाढ काढणंच योग्य असतं, तसं डॉक्टर सांगतील. पण वाचणारी दाढ काढली, तर हिशोब तिथं संपत नाही. शेजारचे दात त्या जागेत कलतात, समोरची दाढ खाली किंवा वर सरकते, त्या बाजूनं भाकरी चावेना होते. मग मऊ, गोड, चहात बुडवून खायचं वाढतं. नवा दात बसवायचा तर भरण्याच्या कितीतरी पट खर्च. गटात आपण म्हणतो, लहान हप्ता वेळेवर भरला की मोठं व्याज वाचतं. दाढेचं गणित तेच आहे.

म्हणून गटांना माझं सांगणं इतकंच. महिन्याच्या एका बैठकीत एकमेकींचे दात उजेडात बघा. काळा डाग, खड्डा, अन्न अडकणारी जागा दिसली की वहीत नाव लिहा. दुखायची वाट बघू नका. अंतर्गत कर्जात बाईच्या स्वतःच्या उपचाराला लहान रक्कम मंजूर करा. दोघी-तिघी मिळून जा, म्हणजे भाडंही वाटून घेता येतं आणि धीरही येतो. तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात, ते आधी विचारून घ्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. रस्त्यावर पथारी टाकून बसणाऱ्याकडून दाढ भरून घेऊ नका. डॉक्टर नोंदणी झालेले आहेत का, अवजारं उकळून-वाफवून घेतलेली आहेत का, हे विचारायला लाजू नका.

खुर्चीत बसण्याआधी चार गोष्टी बोला. मी लवंगतेल लावत होते की नाही. मी गरोदर आहे का, दुसरं काही औषध चालू आहे का. तुम्ही काय भरणार आणि त्याला किती खर्च. आणि भरल्यावर किती वेळ त्या बाजूनं चावायचं नाही. ग्लास आयोनोमर असेल तर साधारण एक दिवस जपावं लागतं.

घरी आल्यावर रोज दोनदा फ्लोराईडच्या पेस्टनं घासा, त्यातलं एकदा रात्री झोपताना. भरलेल्या दाढेच्या कडेलाच कीड पुन्हा सुरू होते. आणि सहा महिन्यांनी एकदा दाखवा.

मैत्रिणींनो, घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर आपलं, ही आपली सवय. दाढ मात्र तोवर थांबत नाही. या आठवड्यात आरशासमोर उभं राहून एकदा आ करा, आणि काय दिसलं ते पुढच्या बैठकीत सांगा. पुढच्या वेळी आपण गटाच्या ताळेबंदावर बोलू. नमस्कार.